मिरचीचा खोकला

सुरतेत तिघांना दाखवलं.
तिघांनी पहिल्यापासून विचारलं,
मी पहिल्यापासून सांगितलं:
नाव केसर वळवी, गाव नंदुरबार,
काम मिरचीच्या पथारीवर, देठं खुडायचं.
इथवर आलं की पेन थांबायचं.
मिरची ना? मग खोकला असणारच.
एकाने लाल औषध दिलं, एकाने हिरवं,
तिसऱ्याने दोन्ही.

पोरगा म्हणाला, आई, इथं मोठमोठी मशीनं आहेत.
होती. काचेआड पाहिली मी.
एकही वळून बघत नव्हतं.

नवापूर गेलं, ढेकवद गेलं,
स्टेशनावर उतरले ती पिशवीसकट गिरासे डॉक्टरांकडे.
युसुफचाचांनी नाव विचारलं नाही.
बुटाच्या खोक्यात हात घातला
आणि माझं कार्ड काढलं,
पिवळं, कोपरे झिजून गोल झालेलं.

पहिली ओळ मी अकरा वर्षांची असतानाची: गोवर.
मग विंचू, उजवा अंगठा.
मग लाल शाईत, दोनदा रेघ मारून: पेनिसिलीन नको.
(सुरतेत हे सांगायचं मी विसरलेच होते.)
दोन बाळंतपणं.
तिसऱ्यापुढे नुसती तारीख.
त्या दिवशी डॉक्टरांनी काही लिहिलं नव्हतं,
चहा मागवला होता.
आणि त्याखाली सोळा वर्षं
दर दिवाळीनंतर: मिरची, कोरडा, दुपारचा.
दर आखाजीला: गेला.
मिरची. गेला. मिरची. गेला.
मी वाचायला शिकले ती बहुतेक
याच दोन शब्दांवर, बाकावर वाट बघता बघता.

डॉक्टर म्हणाले, खोक.
खोकले.
परत खोक.
बाहेर टेम्पो घुरघुरत होता,
तो जाईपर्यंत थांबले,
मग तिसऱ्यांदा.
नळी अजून गळ्यातच होती त्यांच्या.
"हाऊ मिरचीना खोकला नही, केसर.
तुना मिरचीना खोकला मी वळखस."

काट्यावर उभी केली.
सोळा वर्षं शेहेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस.
आज एकेचाळीस.
संध्याकाळी अंग कसकसतं का?
कसकसत होतं.
कोणी विचारलं नव्हतं
म्हणून मलाही माहीत नव्हतं.

चिठ्ठी, सरकारी दवाखाना, थुंकीची डबी.
तिसऱ्या दिवशी नाव कळलं त्या खोकल्याचं.
सहा महिने गोळ्या, फुकट,
पण एक दिवस चुकायचा नाही.

दुसऱ्या महिन्यात मी चुकवणार होते.
तोंडाला कडू पाणी सुटायचं, भाकरी दिसली तरी.
तीन दिवस घेतल्या नाहीत.
चौथ्या दिवशी युसुफचाचा सायकलवर,
थेट पथारीपर्यंत, त्या लाल ढिगांमधून
शिंकत शिंकत, डोळे पुसत.
शिव्या दिल्या त्यांनी. मग म्हणाले,
डॉक्टर बोलाई राहिनात.
बाया हसल्या. मी गेले.
गोळ्या जेवणाआधी नको, जेवून घे,
एवढंच सांगायचं होतं त्यांना.

पोराने फोनवर विचारलं,
मशीन नसताना कसं काय कळलं?
मला नीट सांगता आलं नाही.
म्हटलं, बाबा, आजारी सगळ्यांनाच दिसते मी,
त्यांनी मला बरी असलेली पाहिलंय.

आखाजीला परत गेले. काही होत नव्हतं.
काय व्हयनं, चाचांनी विचारलं.
काहीच नही.
तरी खोक्यात हात, तरी कार्ड.
काटा पंचेचाळीसच्या जरा पुढे.
डॉक्टरांनी पाठ ऐकली,
एका जागी जास्तच वेळ थांबले, मला घाम फुटला.
मग कार्डाच्या तळाशी, जिथं एकच ओळ उरली होती,
तारीख घालून लिहिलं:
काही नाही.

पैसे पुढे केले तर घेतले नाहीत.
हाई तं मना कामनं शे, म्हणाले,
आणि पुढच्याला हाक मारली.

युसुफचाचांनी खाली कोरं कार्ड टाचलं.
पिन जरा वाकडी बसली.